कोकराकडं बघणारा बाप

आमच्या घरी आलेला पाव्हणा आधी तसबिरीच्या पाया पडायचा, मग च्या घ्यायचा. न्हाई पडला तर आबा त्याला बसा म्हणायचे न्हाईत. ह्यात हसण्यासारखं काय न्हाई, आन् कुणी हसलं तर मला खपत न्हाई, हे आधीच सांगून ठिवते.

आबा म्हंजी माझे सासरे, कोंडिबा. वय ऐंशीच्या म्होरं, दात मोजकेच, पण बोलण्यात अजून कुणाच्या बाला ऐकत न्हाईत. दौंडच्या अंगाला राहू गावात आमचं घर. आधी मेंढरं व्हती, आता ऊस हाय, आन् नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत हाय. मेंढरं गेली तरी आबांच्या डोक्यातनं गेली न्हाईत. अजून कुणाच्या कळपाकडं बघून सांगतील, त्यातली दोन ह्याची न्हाईत म्हणून.

तसबिरीचं सांगते. दोन वितींची फ्रेम, आत काळ्या बारीक रेघांचं चित्र. एक म्हातारा मेंढका हाय. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायाशी कुत्रं, मागं मेंढरं, आन् त्यो वाकून एका कोकराकडं बघतोय. ह्यो आबांचा बाप, म्हाळूआबा.

आबांनी बाप बघितलेला न्हाई. माझी आजेसासू शेवंताबाई पोटुशी व्हती तवा म्हाळूआबा मेंढरं घेऊन कोकणात उतरले, आन् तिकडंच तापानं गेले. त्या काळी मेंढक्याचा फोटो कोण काढतंय. देव्हाऱ्यात त्यांचा चांदीचा टाक हाय, पण टाकाला कसलं आलंय तोंड, सगळे टाक सारखेच. आबा लहानपणी आईला इचारायचे, बाप कसा दिसायचा? ती म्हणायची, माणसासारखा. आन् कामाला लागायची.

म्होरं आबा रेल्वेत गँगमन म्हणून दौंडला लागले. तिथं कॉलनीत सायबाच्या काळातला एक हॉल हाय. साहेब लोक त्यात नाटकं करायची म्हणं. त्याच्या भिंतींना अशा बारा तसबिरी टांगल्या व्हत्या. बाकीच्या छतापाशी, धूळ बसलेल्या, आन् ही एक दारासमोर खाली. एक दिस आबा तिथं बाकडी हलवत व्हते आन् शेवंताबाई भाकरी घेऊन गेली. उन्हातनं चालून पदर खांद्यावर पडलेला. दारात आली, समोर बघितलं, आन् चटशिरी डोक्यावर पदर घेतला. नवऱ्याम्होरं घेत्यात तसा. बोलली काय न्हाई. भाकरी ठिवली आन् निघून गेली.

आबा म्हणत्यात, तेवढ्यावरनं मला कळलं ह्यो कोण ते.

नंतर हॉलला रंग द्यायचं निघालं, तसबिरी खाली आल्या. ह्या एकीची काच फुटली व्हती. तिथल्या बाबूनं म्हणलं, कोंडिबा, न्यायची तर ने. आबांनी घोंगडीत गुंडाळून घरी आणली, नवी काच बसवली. तवापासनं दसऱ्याला तिच्यावर भंडारा उधळायचा, आन् घरातल्या लग्नाची पहिली पत्रिका बिरोबाला, दुसरी हिला. मी नवी नवरी म्हणून आले तवा पहिल्यांदा हिच्याच पाया पडले. मनात आलं बी, सासऱ्याचा बाप असा धारदार नाकाचा आन् आमचे आबा असे बसक्या नाकाचे कसे? पण नव्या नवरीला कोण इचारतंय.

आबांची त्या तसबिरीबद्दल एकच तक्रार. मेंढरं. दर दसऱ्याला भंडारा लावून झाला की जवळ जाऊन बघायचे आन् म्हणायचे, "कातरायची ऱ्हायलीत. एवढी लोकर ठिवत्यात व्हय अंगावर? कोकणात पावसात भिजली की मेलीच." मग जरा थांबून म्हणायचे, "त्याला सांगणारं कुणी न्हवतं जवळ."

आमची अंकिता लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून हे सगळं ऐकायची. मोठी झाली, पुण्यात चित्रकलेचं शिकली, आन् आता जुनी कागदं दुरुस्त करायच्या कामाला हाय. मी म्हणायची, फाटला कागद की चुलीत घालायचा, त्याला दवाखाना कशाला? ती हसायची. तिचं लगीन ठरलं, वैशाखातलं. म्हणून घराला रंग द्यायला काढला आन् तसबीर खाली आली. बघतो तर आत कसर शिरलेली. अंकिता म्हणली, "आबा, पत्रिका ठेवायच्या आधी मी साफ करून देते." आबांनी लई विचार केला आन् म्हणले, "कर, पर बापाला धक्का लावू नगं."

दुपारी आबा आडवे झाले तवा तिनं वट्यावर पांढरं कापड अंथरलं आन् फ्रेम उघडली. कागद बाहेर आला तर त्याच्या चारी कडांनी एक रेघ आत दाबलेली. पोरीचे डोळे चमकले. तिचा बाप सतीश सेकंड शिफ्टला निघाला व्हता, त्याला हाक मारली.

"पप्पा, हे बघा. हे तांब्याच्या पत्र्यावरून छापलंय. पत्र्याला मेण लावायचं, सुईनं चित्र ओढायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा."

"जिथं मेण निघालंय तिथं ॲसिड खाणार," सतीश म्हणला.

"हो. त्या खाचांत शाई भरायची आणि ओला कागद दाबून उचलायचा. ही दाबाची खूण."

"कुठलं ॲसिड?"

"पूर्वी नायट्रिक वापरायचे."

माझ्या नवऱ्यानं हेल्मेट खाली ठिवलं. म्हणला, "निम्मं आयुष्य नायट्रिकसंगं गेलं माझं. त्यानं पाईप खाल्ला, बूट खाल्ले, दोन पँटी खाल्ल्या. त्यानं माणूस काढता येतो हे एका सायबानं सांगितलं न्हाई." मग वाकून त्यानं म्हाताऱ्याच्या दाढीचा एकेक केस बघितला. चौफुल्यावरची कंपनीची बस चुकायची येळ आली तवा मी हाकलला त्याला.

त्यो गेला आन् अंकिता परत कागदावर वाकली. फ्रेमीच्या लाकडाखाली कागदाची जी पट्टी झाकली व्हती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं व्हती. नाटकाचं नाव कसरीनं खाल्लेलं.

"काय लिव्हलंय?" मी इचारलं.

"अंक चौथा, प्रवेश तिसरा. म्हातारा धनगर."

"मग, धनगरच म्हणलंय की."

"आई, अंक आणि प्रवेश. हे विलायतेतल्या नाटकातलं दृश्य आहे. दीडशे वर्षांहून जुनं. हा नट आहे. दाढीसुद्धा बहुतेक चिकटवलेली असेल."

मला असा राग आला की सांगता सोय न्हाई. कुणाचा, ते ठरंना. नटाचा म्हणावं तर त्यो मरून गेला, पोरीचा म्हणावं तर ती खरं बोलती. म्हणून पोरीवरच काढला.

"हे आबांच्या कानावर गेलं तर बघ. त्यांना एकच बाप हाय आन् त्यो ह्या कागदावर हाय. एवढ्या म्हातारपणी पोरकं करतीस का त्यांना?"

"मी कुठं सांगतेय? आणि हे पिवळे डाग भंडाऱ्याचे आहेत, फ्रेमच्या फटीतून आत गेलेत. हळदीनं कागद जातो, आई. आता टाकू नका."

"ते तू सांग आबांना, आन् मग पळ."

तिनं कसर काढली, कागद पुन्यांदा फ्रेमीत घातला, अक्षरं लाकडाखाली गेली. मला वाटलं, झाकली मूठ. पण माझ्या पोरीच्या पोटात जुन्या कागदाची गोष्ट ऱ्हात न्हाई. आठवडा झाला न्हाई तवर ही गेली दौंडला त्यो हॉल बघाय. चांगदेव म्हणून रेल्वेतनं रिटायर झालेले एक गृहस्थ हायती, कॉलनीतल्या माणसांना घेऊन त्यांनी हॉल नीट केलाय. अकरा तसबिरी पुसून भिंतीला लावल्यात आन् बारावीचा खिळा मोकळा ठिवलाय. त्यांनी सहज म्हणलं, बारावी कुठं गेली कुणास ठाऊक. आन् ही बोलून गेली, आमच्याकडं हाय म्हणून.

चांगदेव आन् आबा एका काळी एकाच लायनीवर व्हते, ते आबांना आप्पा म्हणत्यात. त्यांनी सरळ आबांनाच फोन लावला. "आप्पा, तुमची तसबीर एकदा आणा की. न्यायची तर परत न्या. तिच्या अकरा बहिणी हितं हायत्या."

फोन ठिवला आन् आबा म्हणले, "मला त्या अकरा बघायच्यात. तवा मान वर करून बघितल्याच न्हाईत."

मी किती कारणं सांगितली. ऊन हाय, गुडघे दुखतील, रंगवाला येणार हाय. आबा म्हणले, "तू नगं येऊ मग." गेले मी. जीव टांगणीला लागलेला, घरी बसून काय करणार व्हते? अंकिताला गाडीत बसताना चिमटा काढून सांगितलं, तोंड उघडायचं न्हाई. सतीशला सुट्टी घ्यायला लावली.

आबांनी नवं धोतर नेसलं, पागोटं बांधलं, कमरंला भंडाऱ्याची पिशवी. तसबीर घोंगडीत गुंडाळून मांडीवर. 

हॉलच्या दारात चांगदेव उभे व्हते. "जय भीम आप्पा," म्हणले. आबांनी "रामराम" म्हणून त्यांच्या पाठीवर एक दणका दिला, आन् दोघं कोण कोण मेलं ते सांगत आत गेले. आत गार व्हतं. तसबिरी आता माणसाच्या उंचीला लावल्या व्हत्या. आबा एकेकीम्होरं थांबून बघाय लागले. पहिलीत लगीन लागत व्हतं. दुसरीत जहाज बुडत व्हतं. तिसरीत एक राजा सिंहासनावर बसलेला, आन् आबा तिथं थांबले ते थांबलेच.

"ह्यो कोण?"

"राजा आहे, आबा," अंकिता म्हणली.

"राजा मला बी दिसतोय. तोंड कुणाचं हाय?"

अंकितानं माझ्याकडं बघितलं. आबा म्होरं सरकले. एका तसबिरीत दारुड्या व्हता, टोपी वाकडी, हातात पेला. "ह्यो बी त्योच." एकीत भिकारी, एकीत वैद्य. "ह्यो बी. ह्यो बी." मला आत्ता दिसाय लागलं, आन् अंकिताला बी. तेच नाक, तेच कपाळ. सारख्या दिसणाऱ्या मेंढरांतनं आपलं वळखणाऱ्या माणसाला दाढीटोपीनं कसं फसवायचं? चिमटे काढून पोरीचं तोंड गप केलं, पण भिंतीचं कोण करणार, हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं.

आबा वळले. "अंकिता, हिकडं ये. आईकडं बघू नगं. खरं सांग."

पोरगी रडकुंडीला आली. पण आबांनी खरं सांग म्हणल्यावर खोटं बोलायची तिची टाप न्हाई, ल्हानपणापासनं न्हाई. म्हणली, "आबा, हा नट होता. एका नाटक कंपनीतला. कधी राजा व्हायचा, कधी धनगर. चित्रकारानं त्याची ही सगळी कामं काढली."

"कुठला?"

"विलायतेतला."

"आपल्याकडं कवा आलता?"

"नाही आबा. कधीच नाही."

आबा बाकड्यावर बसले. तसबीर अजून मांडीवर, घोंगडीत. तिच्यावर हात ठिवला. मग म्हणले, "मग आईनं पदर कुणाला घेतला?"

 मी त्या माणसाला बायको गेली तवा बघितलंय, मेंढरं इकली तवा बघितलंय, पण असा आवाज ऐकला न्हवता. सतीश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. अंकिता रडाय लागली. आन् मला, का कुणास ठाऊक, परत रागच आला.

"तुमच्या बापाला घेतला," मी म्हणले. "दुसऱ्या कुणाला घ्यायची वं ती? शेवंताबाईनं नवरा बघितलेला व्हता. तुम्ही न्हाई, मी न्हाई, ह्या पोरीनं न्हाई. ती काय नाटक बघाय आलती व्हय हितं? भाकरी घेऊन आलती. दारात आली आन् तिला नवरा दिसला. असंच वाकून कोकराला बघत असतील म्हाळूआबा, म्हणून दिसला. नट कुठला का असंना. बाईचा पदर उगं डोक्यावर जात न्हाई आबा, मी बाई हाय, मला ठावं हाय."

आबा माझ्याकडं बघत राहिले. सासऱ्याशी असं तोंड वर करून मी घरात बोलते, पण बाहेर, चार माणसांत, कवा न्हाई बोलले. मला वाटलं आता काठी उचलत्यात.

"म्हंजी असाच दिसत असंल म्हणतीस," आबा हळू म्हणले.

"असाच. नाक जरा बसकं असंल."

आबांच्या मिशीत जरासं हसू आलं आन् गेलं. चांगदेव इतका वेळ लांब उभे व्हते, ते जवळ आले. म्हणले, "आप्पा, त्या मोकळ्या खिळ्याला एकदा लावून तर बघू. न्हाई बरं वाटलं तर काढू." आबांनी घोंगडी सोडली. चांगदेवांनी तसबीर टांगली. अकरा तसबिरी करड्या आन् आमची तेवढी पिवळीधमक. आबा उठून ती सरळ बसली का बघाय गेले, आन् तिच्या शेजारच्या तसबिरीम्होरं थबकले.

शेवटची तसबीर व्हती ती. तिच्यात मेंढरं न्हवती, सिंहासन न्हवतं, दाढी बी न्हवती. मागं पडदा पडलेला, आन् त्यो एकटा म्होरं आलेला. एक हात पुढं केलेला, आन् नजर सरळ समोर.

"हे काय हाय?" आबांनी इचारलं.

अंकितानं डोळे पुसले. "नाटक संपलं की नट पुढं यायचा, आबा. समोर जे असतील त्यांच्याकडं बघून चार शब्द बोलायचा. ते आहे हे."

"समोरच्याकडं बघून."

"हो."

आबा आणखी जवळ सरकले. "आपल्या घरातला कोकराकडंच बघत राहिला," ते म्हणले. "त्याच्याम्होरं माझं लगीन झालं, पोरं झाली, रेल्वेतनं रिटायर झालो. त्यानं मान वर केली न्हाई. मला वाटायचं, त्याला ठावंच न्हाई मी हाय म्हणून. ठावं असणार बी कसं?"

मग त्यांनी वहाणा काढून बाजूला ठिवल्या. पागोटं नीट केलं, अंगरख्याची गुंडी लावली. बापाम्होरं जाताना माणूस जसं सावरून जातं तसं सावरले, आन् समोर बघणाऱ्या त्या शेवटच्या तसबिरीकडं बघून म्हणले,

"मी कोंडिबा. शेवंताचा. तुमी कोकणात उतरला तवा मी पोटात व्हतो."

 आबांनी घसा खाकरला.

"आन् मेंढरं येळंवर कातरत जावा," ते म्हणले.

सतीश रडत रडत हसला. आबांनी पिशवीत हात घालून भंडारा काढला आन् थबकले, उधळू का म्हणून अंकिताकडं बघितलं. पोरीनं पळत येऊन आपली ओंजळ म्होरं केली. आबांनी चिमूट तिच्या हातात ठिवली, आन् तिनं ती बोटानं त्याच तसबिरीच्या काचंला लावली.

"ऱ्हाऊ दे आता त्याला हितंच, ह्याच्या शेजारी," आबा चांगदेवांना म्हणले. "पोरीची पत्रिका घेऊन आम्ही येऊ."

मी तवा दारात उभी व्हते, शेवंताबाई उभी राहिली असंल त्याच जागी. उन्हातनं आल्यामुळं माझा पदर खांद्यावर आलेला. समोर कोकराकडं वाकलेला म्हातारा, शेजारी मान वर केलेला, आन् त्यांच्याम्होरं माझा सासरा अनवाणी. मी पदर डोक्यावर घेतला.